एका पेटीत तीन यंत्रे : ल्युमिएरच्या सिनेमॅटोग्राफपासून खिशातल्या लघुपटापर्यंत

१/
इ. स. १८९५. फ्रान्समधील लियों शहराच्या ल्युमिएर बंधूंनी एका लाकडी पेटीचे पेटंट घेतले. तिचे नाव सिनेमॅटोग्राफ. वजन सुमारे पाच किलो आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. हीच पेटी चित्रण करी, हीच त्या चित्रणाची दुसरी प्रत काढी आणि मागे दिवा ठेवला की हीच पेटी ते चित्र पडद्यावर फेकी. कॅमेरा, छपाईयंत्र आणि प्रक्षेपक ही तिन्ही यंत्रे एकाच लाकडी कवचात सामावलेली होती.

२/
आज एखादी विद्यार्थिनी खिशातला स्मार्टफोन काढून पाच मिनिटांचा लघुपट चित्रित करते, त्यावरच त्याचे संकलन करते आणि त्यावरूनच तो जगाला दाखवते. हे सारे अभूतपूर्व वाटते. पण सिनेमाचा आरंभच असा एका पेटीतून झाला होता. मधल्या सव्वाशे वर्षांत ही तीन यंत्रे एकमेकांपासून दूर गेली, प्रत्येकाच्या दारात एकेक पहारेकरी उभा राहिला आणि मग टप्प्याटप्प्याने ती पुन्हा एकत्र आली. या प्रवासाचा, आणि त्यात मागे राहिलेल्या एका चौथ्या गोष्टीचा, हा मागोवा.

३/
पेटी हलकी असण्याला इतके महत्त्व का? त्याच काळात अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात तयार झालेला चित्रण-कॅमेरा अवजड होता आणि विजेवर चाले. त्यासाठी 'ब्लॅक मारिया' नावाची खास काळी इमारत उभारण्यात आली. कसरतपटू, नर्तकी, मुष्टियोद्धे यांना कॅमेऱ्यापुढे आणावे लागे. ल्युमिएरची पेटी मात्र उचलून रस्त्यावर नेता येत होती. कारखान्यातून सुटणारे कामगार, स्थानकात शिरणारी आगगाडी हे तिचे विषय झाले. जीवन कॅमेऱ्याकडे येण्याऐवजी कॅमेरा जीवनाकडे गेला. मोबाइलवरील लघुपटाचे खरे कूळ इथे सापडते.

४/
ही पेटी लवकरच मुंबईत पोहोचली. ल्युमिएर कंपनीचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाकडे जाताना मुंबईत थांबला आणि ७ जुलै १८९६ रोजी काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलात 'जिवंत छायाचित्रां'चा खेळ झाला. तिकीट एक रुपया. पॅरिसमधील पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने उलटले होते. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे चार आण्यांपासून तिकिटे मिळू लागली, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या जागा राखल्या गेल्या. पाहण्याचा हक्क झपाट्याने पसरला. दाखवण्याचा आणि टिपण्याचा हक्क मात्र अजून परक्यांकडेच होता.

५/
तो हक्क मुंबईतल्या एका मराठी छायाचित्रकाराने विकत घेतला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून रायली कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये मलबार हिलवरील हँगिंग गार्डन येथे पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. दुसरा विषय होता माकडांचा खेळ करणारा मदारी. पण फिल्म धुण्याची सोय मुंबईत नव्हती. ती बोटीने लंडनला पाठवावी लागली. कॅमेरा मुंबईत आणि रसायनशाळा सातासमुद्रापलीकडे, अशी ही यंत्रांची फारकत होती.

६/
सावेदादांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा चौपाटीवर त्यांचे जे स्वागत झाले ते सावेदादांनी फिल्मवर टिपले. भारतातील पहिला वृत्तपट म्हणून या चित्रणाचा उल्लेख होतो. साम्राज्याच्या राजधानीत गणितात अव्वल आलेल्या तरुणाचा सत्कार त्याचेच लोक करत आहेत, हा प्रसंग परदेशी चित्रणकाराला महत्त्वाचा वाटला असता का? कॅमेरा ज्याच्या हाती असतो, स्मरणात काय राहावे हेही तोच ठरवतो.

७/
पुढची पायरी दादासाहेब फाळके यांची. छायाचित्रण, शिळाछपाई, रंगकाम, जादूचे प्रयोग या साऱ्यांत त्यांचा हात बसलेला होता. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तिथे चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया डोळ्यांखालून घातली. विल्यमसन कॅमेरा आणि कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र मिळवण्याची व्यवस्था केली. कॅमेऱ्यासोबत फिल्म तयार करण्याची साधनेही त्यांनी घेतली, याला विशेष अर्थ आहे. सावेदादांची अडचण त्यांना भोगायची नव्हती.

८/
भारतात परतल्यावर त्यांनी केलेले पहिले काम म्हणजे घरगुती लघुपटच होता. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि सुमारे महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चित्रचौकट टिपली. पडद्यावर ही फीत अवघे मिनिटभर चाले. पण त्या मिनिटात बी अंकुरे, कोंब वर येई, वेल वाढत जाई. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. नट नाही, नेपथ्य नाही, प्रवासखर्च नाही. घरात जे होते त्यातूनच विषय उभा राहिला. मोबाइलवर पहिला लघुपट करणाऱ्याला याहून चांगला वस्तुपाठ मिळणार नाही.

९/
या फितीचा हेतूही व्यवहारी होता. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवे होते आणि कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. निवडक मंडळींना हे मिनिटभराचे चित्र दाखवल्यावर पैशाची वाट मोकळी झाली. आज फोनमध्ये 'टाइम लॅप्स' नावाचे बटण असते आणि हे काम तो आपोआप करतो. फाळक्यांना मात्र दिवसेंदिवस तोच कोन, तेच अंतर, तोच प्रकाश सांभाळावा लागला. एक चौकट बिघडली तर वाढीची साखळी तुटणार होती. यंत्राने कष्ट वाचवले, पण कुंडीत काय पेरायचे हा निर्णय अजूनही माणसाचाच आहे.

१०/
'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. त्यामागचा कारखाना म्हणजे दादरचे राहते घर होते. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे ही कामे शिकून घेतली, अडचणीत दागिने पुढे केले, शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाकही पाहिला. श्रेयनामावलीत नसलेले हे श्रम लक्षात घेतले की 'एकहाती' चित्रपट ही कल्पना किती फसवी आहे ते उमगते. घरातच चित्रण, घरातच धुलाई, घरातच संकलन : ल्युमिएरच्या पेटीची जागा काही काळ एका बिऱ्हाडाने घेतली.

११/
१९१७ मध्ये फाळक्यांनी आणखी एक छोटा पट केला. त्यात चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवले होते : दिग्दर्शन, चित्रण, फिल्मवरील प्रक्रिया, संकलन. फाळके स्वतः त्यात काम करताना दिसतात. आजच्या 'पडद्यामागील' व्हिडिओंचा हा शंभर वर्षे जुना पूर्वज. विद्या झाकून ठेवण्याऐवजी ती लोकांसमोर उलगडून दाखवावी, ही वृत्ती या पटातून दिसते.

१२/
कोल्हापुरात वेगळाच प्रयोग सुरू होता. बाबूराव पेंटर यांच्याकडे परदेशी कॅमेरा सहज घेण्याइतका पैसा नव्हता. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेराच घडवला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. विकत घेता येत नसेल तर बनवायचे, हा कोल्हापुरी बाणा. याच परंपरेतून पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम यांची 'प्रभात' निर्माण झाली.

१३/
पण यंत्रांची फारकत वाढतच होती. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षण मंडळे आली. पुढे 'आलम आरा' (१९३१) आणि 'अयोध्येचा राजा' (१९३२) बोलू लागले आणि कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला जाड आवरणांत कोंडावे लागले. चित्रण बंदिस्त स्टुडिओत शिरले. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आले. आता कॅमेऱ्याच्या दारात भांडवलदार, फिल्मच्या दारात परवाना आणि पडद्याच्या दारात वितरक व परीक्षक उभे होते.

१४/
हौशी लोकांसाठी एक खिडकी उघडली होती. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरचा, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरचा आणि १९६५ मध्ये 'सुपर ८' हा प्रकार आणला. जगभरातील सुखवस्तू कुटुंबांनी वाढदिवस, सहली, लग्ने टिपली. पण चित्रण झाल्यावर फिल्म धुण्यासाठी प्रयोगशाळेकडे पाठवावी लागे आणि परत आल्यावर ती पाहायला घरात वेगळा प्रक्षेपक लागे. कॅमेरा घरात आला, सार्वजनिक पडदा मात्र दूरच राहिला. शिवाय जे घर श्रीमंत, त्याच घराचे बालपण फिल्मवर उतरले. गिरणीतल्या चाळीचे क्वचितच उतरले.

१५/
१९४८ मध्ये फ्रेंच समीक्षक अलेक्झांद्र आस्त्र्युक यांनी एका गाजलेल्या लेखात 'कॅमेरा-लेखणी' ही कल्पना मांडली. लेखक जसा लेखणीने विचार करतो तसा कलावंत कॅमेऱ्याने करू शकेल, असा तिचा आशय. कल्पना पुढे होती, यंत्र मागे होते. १९६० च्या सुमारास खांद्यावर मावणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे आणि सोबत नेता येणारी ध्वनिमुद्रणयंत्रे आली, तेव्हा फ्रान्स, अमेरिका, कॅनडा येथील माहितीपटकारांनी रस्त्यावर उतरून माणसांचे बोलणे आणि वावरणे एकाच वेळी टिपले. निवेदकाचा धीरगंभीर आवाज बाजूला सरला. माणसे स्वतः बोलू लागली.

१६/
भारतात या स्वातंत्र्याची कसोटी आणीबाणीत लागली. आनंद पटवर्धन यांनी १९७४ मधील बिहार आंदोलन सुपर ८ आणि १६ मिलिमीटर अशा मिळेल त्या साधनांनी टिपले. त्यातून 'क्रांती की तरंगें' हा माहितीपट झाला. आणीबाणी लागू झाल्यावर त्याची प्रत तुकडे करून देशाबाहेर पाठवण्यात आली आणि परदेशात पुन्हा जोडण्यात आली. कॅमेरा हाती असणे पुरेसे नसते. टिपलेले जपणे आणि दाखवणे यांसाठीही झुंजावे लागते, हे या पटाने दाखवले.

१७/
फिल्मच्या रसायनशाळेला पहिला धक्का दिला चुंबकीय फितीने. सोनीचे 'पोर्टापॅक' १९६७ मध्ये आणि 'हँडीकॅम' १९८५ मध्ये आले. आता धुलाईची गरज उरली नाही; टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहता येऊ लागले. चुकले तर पुसून पुन्हा टिपता येई. तीनपैकी दोन यंत्रे एकमेकांजवळ आली. चित्राचा दर्जा फिल्मच्या तुलनेत कमी होता, म्हणून प्रस्थापितांनी व्हिडिओला बराच काळ 'लग्नाचे शूटिंग' एवढीच पायरी दिली. पण याच पायरीवर नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाने आपला सिनेमा उभा केला.

१८/
ते गाव मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' बनवला. साधन होते व्हिडिओ कॅमेरा आणि संकलनासाठी व्हीसीआर. सायकल झाली कॅमेऱ्याची फिरती गाडी, बैलगाडी झाली क्रेन, नट गावातलेच. पुढे फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाने ही दुनिया जगापुढे आणली. मालेगावकर मुंबईची नक्कल करत होते असे वरवर दिसते. पण त्या विडंबनात वीजटंचाई, अस्वच्छता, रोजगार हे गावचे प्रश्न बेमालूम मिसळलेले होते.

१९/
दरम्यान युरोपातही घरगुती कॅमेऱ्याला प्रतिष्ठा मिळत होती. डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्ग यांनी 'फेस्टेन' हा कथापट सोनीच्या छोट्या डिजिटल हँडीकॅमवर टिपला आणि १९९८ मध्ये कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. एका कुटुंबाच्या मेजवानीत लपलेले भीषण सत्य उघडे पडते, अशी त्याची कथा. थरथरणारे, दाणेदार चित्र त्या कथेत दोष ठरले नाही. पाहणारा पाहुण्यांत बसला आहे असे त्यामुळे वाटले. साधनाची उणीव कथेच्या स्वभावाशी जुळवली की ती शैली होते.

२०/
आता फोनकडे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९९० च्या दशकात एरिक फॉसम यांच्या गटाने कमी वीज खाणारा आणि एका चिपवर मावणारा सीमॉस प्रकाशसंवेदक विकसित केला. हेतू अंतराळयानातील कॅमेरे लहान करण्याचा होता. ११ जून १९९७ रोजी फिलिप कान यांनी आपल्या नवजात मुलीचे छायाचित्र डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल यांची जुळणी करून रुग्णालयातूनच अनेकांना पाठवले. २००० मध्ये जपानमध्ये शार्पचा कॅमेरायुक्त फोन बाजारात आला. त्याची क्षमता सुमारे १ लाख १० हजार पिक्सेल, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नाही.

२१/
कलावंतांनी चांगल्या चित्राची वाट पाहिली नाही. पॅरिसमध्ये २००५ पासून मोबाइलवर टिपलेल्या पटांचा 'पॉकेट फिल्म्स' महोत्सव भरू लागला. त्याच वर्षी यूट्यूब सुरू झाले आणि पडद्याच्या दारातील वितरक प्रथमच ओलांडता आला. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ वर उच्च दर्जाचे चित्रण आणि फोनवरच संकलन करणे शक्य झाले. चित्रण, संकलन, प्रदर्शन : ल्युमिएरच्या पेटीतली तीन कामे ११५ वर्षांनी पुन्हा एका पेटीत आली. या खेपेला त्यात आवाजही होता आणि पेटी तळहातावर मावत होती.

२२/
लगेचच २०११ मध्ये त्याची दोन टोके दिसली. दक्षिण कोरियाचे पार्क चान-वूक आणि त्यांचे बंधू पार्क चान-क्योंग यांचा आयफोन ४ वर टिपलेला 'नाइट फिशिंग' हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचा 'गोल्डन बेअर' घेऊन गेला. पण त्यामागे दूरसंचार कंपनीचा पैसा, अतिरिक्त भिंगे आणि कसलेला चमू होता. 'फोनवर केला' याचा अर्थ 'फुकटात केला' असा होत नाही. जाहिराती हा फरक सांगत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने तो नोंदवायला हवा.

२३/
दुसरे टोक तेहरानचे. इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना डिसेंबर २०१० मध्ये सहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस वर्षे चित्रपट न करण्याची शिक्षा सुनावली गेली. अपिलाचा निकाल लागायच्या आधी त्यांनी सहकारी मोजतबा मिरतहमास्ब यांच्यासह घरातच एक पट केला. त्यातला काही भाग पनाहींनी स्वतःच्या फोनवर टिपला. नाव ठेवले 'धिस इज नॉट अ फिल्म'. पेन ड्राइव्ह केकमध्ये लपवून तो २०११ च्या कान महोत्सवात पोहोचवल्याचे सांगितले जाते. पटवर्धनांच्या फिल्मचे तुकडे आणि पनाहींचा पेन ड्राइव्ह हे एकाच इतिहासाचे दोन अध्याय आहेत.

२४/
२०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात शॉन बेकर यांचा 'टँजरिन' आला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील दोन ट्रान्सजेंडर मैत्रिणींची ही कथा तीन आयफोन ५ एस वर टिपली होती. सोबत रुंद पट देणारी भिंगजोडणी, फोन स्थिर धरणारे उपकरण आणि काही डॉलरचे चित्रण-अ‍ॅप. मुख्य भूमिकांतील किटाना किकी रॉड्रिग्ज आणि माया टेलर या चित्रपटाला नवख्या होत्या. समोर मोठा कॅमेरा नसल्याने संकोच कमी झाला, रस्त्यावरचे लोकही थबकले नाहीत. आवाज मात्र स्वतंत्र व्यावसायिक यंत्रांवर मुद्रित केला होता. मोबाइल-चित्रकाराने लक्षात ठेवावी अशी ही बाब आहे.

२५/
यामागे साधे विज्ञान आहे. फोनचा संवेदक लहान, म्हणून अंधारात चित्र दाणेदार होते आणि जवळचे-दूरचे सारेच स्पष्ट दिसते. तो चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून झटकन फिरवला तर उभे खांब तिरके भासतात. केंद्रीकरण आणि प्रकाशमान आपोआप बदलू दिले तर एकाच दृश्यात उजेड हेलकावे खातो. ते कुलूपबंद करावे लागते. वारा आणि रहदारी फोनचा माइक संवादाइतक्याच निष्ठेने टिपतो. खिडकीजवळचा उजेड, भक्कम टेकू आणि बोलणाऱ्याजवळ ठेवलेला दुसरा फोन : एवढ्यावर बरेच साधते. सावेदादा आणि फाळके यांचीही सारी मदार सूर्यप्रकाशावरच होती.

२६/
भारतात तिसरे यंत्र, म्हणजे पडदा, खऱ्या अर्थाने सुटा झाला तो २०१६ नंतर. स्वस्त फोर-जी इंटरनेटमुळे गावोगावचे लघुपट जिल्ह्याबाहेर पोहोचू लागले. २०२३ मध्ये विशाल भारद्वाज यांनी 'फुरसत' हा लघुपट आयफोनवर केला, तेव्हा मोबाइल-चित्रण मुख्य प्रवाहात आल्यावर शिक्कामोर्तब झाले. मात्र पहारेकरी संपले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कोणता व्हिडिओ कुणाला दिसावा हे आता मोठ्या कंपन्यांची गणिते ठरवतात. दार उघडे आहे, पण आत कुणाला पुढची खुर्ची मिळेल हे अजून दुसराच कुणी ठरवतो.

२७/
आणि आता ती चौथी गोष्ट. सावेदादांची कुस्ती आज कुणी पाहू शकत नाही; ती फिल्म उरलेली नाही. वाटाण्याचा अंकुरही गेला. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच हाती आहे आणि तेही १९१७ च्या नव्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारतात हजाराहून अधिक मूकपट झाले. अगदी मोजके उरले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी रिळांच्या शोधात देश पालथा घातला. तोवर बरेच काही वितळून, जळून, भंगारात जाऊन संपले होते. २००३ च्या आगीत पुण्यातील जुन्या नायट्रेट फिल्मही गेल्या. जपणूक हे यंत्र कोणत्याच पेटीत बसवलेले नव्हते.

२८/
स्मार्टफोनच्या पेटीतही ते नाही. फोन हरवतो, बिघडतो, बदलला जातो. संदेश-अ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ आकुंचित होऊन पोहोचतो. मूळ प्रत पुसली की तपशील कायमचा जातो. खाते बंद झाले की दुवाही मरतो. नायट्रेटची फिल्म निदान कपाटात सापडण्याची शक्यता होती; पुसलेल्या फाइलला तेवढाही आधार नसतो. इतके चित्रण आजवरच्या कोणत्याच पिढीने केले नसेल आणि तरीही शंभर वर्षांनी तिच्या हातात काहीच नसावे, हा धोका काल्पनिक नाही.

२९/
म्हणून मोबाइलवर लघुपट करणाऱ्या तरुणाने इतिहासकाराची दोन-तीन कामे स्वतःकडे घ्यावीत. मूळ, अनाकुंचित फाइल वेगवेगळ्या ठिकाणी निदान दोन प्रतींत ठेवावी. सोबत साध्या मजकुराची नोंद असावी : दिनांक, गाव, चित्रित झालेल्या माणसांची नावे, त्यांची संमती आणि कुणी कोणते काम केले याची यादी. सरस्वतीबाईंचे श्रम आज ठाऊक आहेत ते पडद्यावर त्यांचे नाव होते म्हणून नव्हे; इतरांनी ते सांगून, लिहून ठेवले म्हणून. पुढच्या सरस्वतीबाईंचे नाव शोधण्याची वेळ कुणावर येऊ नये.

३०/
विषय निवडतानाही हा इतिहास उपयोगी पडेल. सावेदादांनी कुस्ती टिपली, फाळक्यांनी कुंडी, मालेगावकरांनी आपला मोहल्ला; प्रत्येकाने जे समोर होते तेच घेतले. बंद पडत चाललेला हातमाग, आजीच्या ओव्या, आठवडी बाजार, उसाच्या फडातली पहाट, गिरणगावातील उरलीसुरली चाळ यांतले बरेच काही पुढच्या दहा वर्षांत नाहीसे होणार आहे. ते टिपायला आता २१ गिनी लागत नाहीत आणि फिल्म बोटीने लंडनलाही पाठवावी लागत नाही. टिपावे, त्यावर तारीख आणि नावे लिहावीत आणि एक प्रत जपून ठेवावी.